हिरव्या बोर्डाखालचं कुलूप

बेळगावातल्या आमच्या दुकानात आग विझवायचं सामान मिळतं. तिथं येणाऱ्या कुठल्याच माणसाला आगीची भीती नसते, हे मला कामाला लागल्या लागल्याच कळलं. गिऱ्हाइकाला भीती असते ती तपासणीला येणाऱ्या साहेबाची. आमच्या साहेबांना भीती असते गिऱ्हाईक पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात जाईल याची. अशी दोन माणसं टेबलाच्या दोन बाजूंना बसून लाल सिलेंडरचा भाव करतात. मी मागं फडकं घेऊन उभी असते, कारण सिलेंडर पुसून चकचकीत करणं, त्याच्यावर कागद चिकटवणं आणि चहा आणणं ही माझी कामं. बोलणं माझ्या कामात येत नाही, आणि ते मला जमतही नाही. लोक असले की मी नुसतं फडकं फिरवत राहते. म्हणून दुपारी दुकान सामसूम असलं की लिहिते. चौथीपर्यंतचं शिक्षण एवढ्याला पुरतं.

किती प्रकारची माणसं बघितली. खानापूरकडचा एक लाकडाच्या गिरणीचा मालक आला होता. त्याच्या गिरणीत भुश्शाचे ढीग लागलेले असतात. तो म्हणाला, "एकच द्या, पण मोठं दिसणारं द्या." एका दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले की लाल रंग बघून पेशंट घाबरतात, पांढऱ्या रंगात मिळेल का. लग्नाच्या कार्यालयवाल्याला सिलेंडर भाड्यानं पाहिजे होते, तपासणीपुरते, पातेली आणि पराती नेतात तसे. एका शाळेचे मुख्याध्यापक सिलेंडर घेऊन गेले आणि त्यांनी ते कपाटात चेंडूंच्या शेजारी ठेवून कुलूप घातलं. पोरं पिना ओढतील म्हणे.

आमचे साहेब या सगळ्यांना एकच उत्तर देतात. "बरोबर हाय सर तुमचं." अधिकारी असला तर हेच कन्नडमध्ये म्हणतात, कंपनीचा माणूस असला तर हिंदीत. तीन भाषांमध्ये त्यांना नाही म्हणता येत नाही.

मोठं गिऱ्हाईक असलं की साहेब मागच्या मोकळ्या जागेत प्रयोग करून दाखवतात. पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल ओततात, काडी टाकतात, बाह्या वर करतात, पिन ओढतात आणि एका फवाऱ्यात जाळ बसवतात. बघणारे टाळ्या वाजवतात. नंतर तो ट्रे मी घासते. ट्रेमधली आग फार समजूतदार असते. ती सांगितलेल्या वेळी पेटते आणि साहेबांची पिन निघेपर्यंत थांबते.

माझी धाकटी बहीण निपाणीला दिली आहे. ती तंबाखूच्या वखारीत चाळायला जाते. बायका तोंडाला पदर बांधून दिवसभर चाळण्या हलवतात आणि संध्याकाळी त्यांच्या भुवयासुद्धा पिवळ्या झालेल्या असतात. त्या वखारीला पुढं मोठं शटर आहे आणि मागं बोळात उघडणारं एक लोखंडी दार. मागच्या दाराला आतून कडी आहे आणि कडीला कुलूप. बायका पदरात तंबाखू बांधून त्या दारानं पळवतील म्हणून मालकांनी ते घातलेलं. त्या मालकांना सगळे आण्णा म्हणतात. हजार पोत्यांचा धनी माणूस, आणि त्याला धास्ती कशाची, तर म्हातारीनं दात घासायला नेलेल्या चिमूटभर मिसरीची.

बहीण माझ्याकडं आली की त्या कुलपाचं बोलायची. शटरजवळ रिकाम्या गोणपाटांचा ढीग असतो, तिथंच हमाल बिड्या ओढतात. "काय झालं तर आम्ही जायचं कुठनं गं आक्का? चाळणीतनं गळून जायचं काय?" असं म्हणून ती हसायची. मला हसू यायचं नाही. आई गेल्यावर तिला मी वाढवलं आहे.

मग एके दिवशी आण्णा आमच्याच दुकानात आले. वखारीला नोटीस लागली होती. ते खुर्चीत बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब आला की गप परत गेला पाहिजे, एवढं बघा." आमच्या साहेबांनी ते बरोब्बर बघितलं. सिलेंडर, वाळूच्या लाल बादल्या, भिंतीवरची घंटा आणि हिरवा उजेड पडणारा बोर्ड, ज्याच्यावर दाराकडं पळणारा माणूस काढलेला असतो. बोर्डावर कन्नड आणि इंग्रजीत लिहिलेलं. वखारीतल्या बहुतेक बायकांना यातलं काही वाचता येत नाही, पण त्या माणसाला बघून कुणालाही कळतं की हा जीव घेऊन पळतोय.

सामान बसवायच्या दिवशी पुसायला म्हणून साहेबांनी मला गाडीतून नेलं. मिस्त्रीनं तो बोर्ड बसवला कुठं, तर त्याच मागच्या दारावर. खाली कडी, कडीला कुलूप, आणि वर हिरवागार पळणारा माणूस. शेजारी वाळूच्या बादल्या टांगल्या. बायका चाळण्या थांबवून बघत होत्या.

माझी बहीण म्हणाली, "त्या हिरव्याला तरी किल्ली दिलीसा काय वो?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. मिस्त्रीपण हसला. आण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. वखारीवर देखरेख करणारे दिवाणजी तेवढे म्हणाले, "चाळा गं, चाळा. बोर्ड बघायचा पगार न्हाय मिळत."

तिनं मला बोळाच्या बाजूच्या खिडकीपाशी ओढलं. त्या खिडकीला गज आहेत, तेवढ्यातून वारा येतो. "तुझ्या साहेबाला सांग की," ती म्हणाली. "तू रोज त्याला चहा देतीस. आण्णा त्याचं ऐकंल."

मी हो म्हटलं. येताना गाडीत ते वाक्य मी मनात किती वेळा जुळवलं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेली, तरी ते तोंडातून निघेना. बेळगाव जवळ आल्यावर एकदाचं मी म्हणाले, "साहेब, त्या मागच्या दाराला कुलूप हाय."

साहेब मोबाईलवर काहीतरी बघत होते. "असूदे की," ते म्हणाले.

"वर बोर्ड लावला न्हवं आपण."

"आपण बोर्ड विकतो. दार विकत न्हाय."

आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन ड्रायव्हरकडं बघून हसले. ड्रायव्हरलाही हसावं लागलं. तपासणी झाली, तपासणीचा साहेब आला तसा गप परत गेला. त्यानं बोर्ड बघितला, पेटतो का ते बघितलं. खाली मान घातली असती तर कुलूप दिसलं असतं, पण ते बघायचं बहुतेक दुसऱ्या खात्याकडं असावं.

त्यानंतर खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. ज्या वस्तूवर पोट चालतं ती वस्तू धुऊन, हळदकुंकू लावून देवीपुढं मांडायची आणि दसऱ्यापर्यंत तिला हात लावायचा नाही. वखारीत चाळण्या, कात्र्या, वजनकाटा हे दरवर्षी मांडतात. त्या वर्षी आण्णांना नव्या सामानाचा अभिमान. एवढं महागाचं लाल सामान भिंतीवर ठेवून पूजा कशी करायची? त्यांनी सगळे सिलेंडर भिंतीवरून काढायला लावले आणि अंगणाच्या पलीकडं असलेल्या ऑफिसच्या खोलीत देवीपुढं ओळीनं उभे केले. आमच्या साहेबांना मानाचं बोलावणं होतं. सिलेंडर पूजेआधी चमकले पाहिजेत म्हणून मलाही नेलं.

मी पुसले. भटजींनी प्रत्येकाला कुंकवाची बोटं ओढली, झेंडूची माळ घातली आणि मुठीवरून, पिनेवरून, नळीवरून पांढऱ्या सुताचे वेढे दिले. चांगले घट्ट. त्यांच्यापुढं ताटात कात्र्या, अडकित्ते आणि वखारीच्या किल्ल्यांचा जुडगा ठेवला. किल्ल्यांवरही कुंकू आणि फूल. साहेबांनी फोटो काढला.

काम बंद असलं तरी बायकांना त्या दिवशी बोलावतात. हळदीकुंकू होतं, जेवण असतं, चुरमुरे-फुटाण्यांची पुडी मिळते. त्या सगळ्या आत वखारीत पंगतीला बसल्या होत्या. मागच्या दाराचं कुलूप त्या दिवशीही होतं. सणाला बायका नेहमीपेक्षा जास्त येतात, म्हणून ते जास्तच गरजेचं, असं दिवाणजींचं गणित.

शटरवर केळीचे खुंट आणि झेंडूचं तोरण बांधलेलं, आणि तोरणावर बारक्या दिव्यांची माळ गुंडाळलेली. मी अंगणातल्या नळावर फडकी धूत होते. आतून बहिणीनं हाक मारली, "ये की गं आक्का, पंगत बसली. बाहेर गड्यांच्यात काय करालीस?" मी "आले" म्हटलं आणि फडकं पिळलं. तेवढ्यात माळेच्या जोडावर चर्र झालं, ठिणग्या पडल्या, आणि खालचा गोणपाटांचा ढीग पेटला.

जाळ फार मोठा नव्हता. पण तंबाखूची भुकटी बसलेल्या गोणपाटाचा धूर ज्यानं घेतलाय त्यालाच माहीत. डोळे उघडत नाहीत आणि श्वास आत जात नाही. वारा अंगणाकडून आत होता, सगळा धूर वखारीत शिरला. वरचं तोरणही पेटलं. पुढून बाहेर पडायची वाट संपली. आतल्या खोकल्याचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मग कुणीतरी लोखंडी दार बडवायला लागलं.

पुरुष ऑफिसच्या दारात आले. हमालांनी हात धुवायच्या पिंपाकडं धाव घेतली. कुणीतरी म्हणालं, "सिलेंडर घ्या की."

आण्णा दारात आडवे झाले. "पूजा उठवायची न्हाय. दसरा झाल्याबिगर उठवायची न्हाय. पाणी मारा, पाणी."

"आण्णा, बायका हायत आत," एक हमाल म्हणाला.

"म्हणून तर म्हणतोय, पाणी मारा."

माझं लक्ष त्या ताटाकडं होतं. आयुष्यात मी कधी पुरुषांच्या घोळक्यातून वाट काढून गेले नव्हते. लग्नातसुद्धा भिंतीकडेनं जाते. त्या दिवशी आण्णांच्या हाताखालून वाकून आत गेले, देवीपुढच्या ताटातला जुडगा उचलला, फूल खाली पडलं. कुणीतरी "ए बाई" म्हणालं. बोलायला गेले असते तर तिथंच उभी राहिले असते.

बोळ वखारीला वळसा घालून जातो. मी पळत गेले. गजाच्या खिडकीतून धूर बाहेर येत होता आणि धुरात हातच हात. त्यातला माझ्या बहिणीचा मी ओळखला, तिच्या मनगटावर लहानपणी चुलीनं भाजल्याचा डाग आहे. त्या हातात जुडगा दिला.

"कुठली गं?" आतून तिचा घोगरा आवाज आला.

"सगळ्या लावून बघ."

आतून किल्ल्या खुळखुळत राहिल्या. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मग कडी निघाली आणि दार बाहेर उघडलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत बोळात आल्या, कुणाच्या हाताला वरणभात लागलेला, कुणाच्या कडेवर मूल. सगळ्यात शेवटी माझी बहीण आली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि ती मला म्हणाली, "साहेबाला सांगितलंतीस न्हवं?"

"सांगितलं."

"मग?"

"ते दार विकत न्हाईत."

ती भिंतीला टेकून बसली आणि खोकता खोकता हसायला लागली.

आम्ही अंगणात परत आलो तेव्हा हमालांनी बांबूनं तोरण ओढून पाडलं होतं, पिंप ओतलं होतं आणि ढिगातून नुसती वाफ येत होती. आणि ऑफिसच्या पायरीवर आमचे साहेब बसले होते. मी पूजा उठवलीच म्हटल्यावर त्यांना धीर आला असावा. त्यांनी एक सिलेंडर बाहेर आणला होता. पण भटजींच्या सुताचे वेढे पिनेवर घट्ट बसलेले, आणि कात्री तर पूजेतली. मग साहेब ते सूत दातांनी तोडत होते. ओठाला, हनुवटीला कुंकू, गळ्याशी सिलेंडरची झेंडूची माळ. मी त्यांचे पुष्कळ प्रयोग बघितले आहेत. एवढा चांगला दुसरा नाही.

सूत तुटलं. आग विझून गेलेली होती, पण पिन निघाल्यावर गप बसतील ते साहेब कसले. त्यांनी नळी धरली आणि दाबलं. पांढरी पावडर विझलेल्या ढिगावर, भटजींच्या उपरण्यावर आणि शेजारच्या जिलबीच्या परातीवर बसली. हमालांपैकी एकानं टाळ्या वाजवल्या. तो चेष्टा करत होता, साहेबांना ते कळलं नाही. त्यांनी मान हलवून टाळ्या घेतल्या.

आण्णांनी ताटाजवळ पडलेलं फूल उचलून परत ठेवलं. मग बायकांसमोर येऊन म्हणाले, "पूजा मोडली. यंदा वखारीला काय बरकत न्हाय." एक म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आमी मोडलो असतो म्हंजे पूजा ऱ्हायली असती, न्हवं आण्णा?" आण्णा ऑफिसात गेले.

दिवाणजींनी मागच्या दाराशी जाऊन पहिल्यांदा काय बघितलं असेल, तर किल्ल्या आणि कुलूप. किल्ल्या दारालाच लटकत होत्या. कुलूप सापडलं नाही. बोळात शोधलं, उकिरड्यात शोधलं, बायकांच्या पिशव्या बघितल्या. मिळालं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या दुकानात साहेब गिऱ्हाइकाला सांगत होते, "निपाणीला आगीत एवढ्या बायका वाचल्या त्या आपल्या बोर्डामुळं. धुरात त्यांना बोर्ड दिसला, पळाल्या तिकडं." फवारा मारतानाचा फोटो त्यांनी दुकानात भिंतीवर लावला. हनुवटीवरचं कुंकू त्यात रक्तासारखं दिसतं आणि लोक विचारतात, लागलं होतं का. साहेब म्हणतात, थोडंसं.

आणि त्याच आगीवर त्यांनी आण्णांना आणखी एक वस्तू विकली. लाल डबी, तिला काच, आत किल्ली ठेवायची जागा, बाजूला साखळीनं बांधलेला छोटा हातोडा. आग लागली की काच फोडा आणि किल्ली घ्या. आण्णांना वस्तू फार आवडली. नवीन कुलूप आणलं. पण बायका उगीच काच फोडतील म्हणून हातोडा काढून ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. मी हे ऐकलं तेव्हा चहा गाळत होते. हसू आलं नाही, रागही आला नाही. एखादा माणूस किती पाण्यात आहे ते कळलं की जसं थंड वाटतं तसं वाटलं.

पुढं सिलेंडरच्या सर्व्हिसला गाडी निपाणीला गेली तेव्हा मीही गेले. सिलेंडर पुसले, डबीची काच पुसली. मागच्या दाराच्या कडीला कुलूप नव्हतं, नवीनही नव्हतं. टेंपो भरायला दार उघडलं की कुलूप कडीला नुसतं अडकवून ठेवतात, आणि दार लावताना बघावं तर ते नसतं, असं दोनदा झालं म्हणे. दिवाणजी मला सांगत होते, "कुठं जातंय कळंना. बायकांची झडती घेतली, पोती हलवली, पत्र्यावर चढून बघितलं."

माझी बहीण चाळणी हलवत होती. तिनं मान वर केली नाही.

मी वाळूच्या बादल्या पुसायला घेतल्या. वर्षभर त्यांत कुणी हात घातला नसावा असं वरून दिसत होतं, पानाच्या पिचकाऱ्या आणि बिडीची थोटकं तेवढी पडलेली. साहेबांचा नियम असा की वाळू वरून सारखी दिसली पाहिजे. दाराजवळच्या बादलीत थोटकं काढायला बोटं घातली आणि ती लोखंडाला लागली. गार, जड. त्याच्या शेजारी आणखी एक. आणखी खाली चाचपलं तर पहिलं जुनं, खंडेनवमीचं, त्याच्या खाचेत अजून कुंकवाचा लगदा.

"झालं काय गं पुसून?" दिवाणजींनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले, आणि वाळू वरून सारखी केली.

आता आण्णांनी कुलूप आणायचं सोडलं आहे. बायकांवर नजर पाहिजे म्हणून ते स्वतःच मागच्या दाराला खुर्ची टाकून बसतात, हिरव्या माणसाच्या बरोबर खाली. बहीण म्हणते, दार उघडंच असतं, आण्णांना वारा लागतो. मला ही व्यवस्था पसंत आहे. परत कधी धूर झाला तर सगळ्यात आधी तेच पळतील, आणि त्या वेळी खुर्ची बाजूला करायला ते कुठलाही मुहूर्त बघणार नाहीत.